ब्रुअरी बघायची तर सकाळी जा

कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: डिसेंबरात दोघे मित्र गाडीने पुणे, बेंगळुरू आणि परतताना गोवा असे फिरणार आहेत. क्राफ्ट ब्रुअरीज (थोड्या प्रमाणात बिअर बनवणाऱ्या छोट्या भट्ट्या) आतून बघू देतात का, कधी जावं, काय विचारावं? शेवटी एक खोचक शंकाही आहे: हे ब्रुअर लोक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात, ते खरं असतं की गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरतं?

मी पुण्यात बरीच वर्षं बिअर बनवतो आहे. आधी खोचक शंकेकडेच येतो, कारण ती सुटली की बाकीचंही बऱ्यापैकी सुटतं. दोस्ती खरी आहे. आम्ही फार दिलदार जमात आहोत अशातला भाग नाही. हा धंदा एकट्याने रेटता येत नाही, एवढंच.

यीस्टचं घ्या. १००० लिटरची बॅच आंबवायला साधारण ८ ते १० लिटर दाट, ताजं यीस्ट लागतं. कोरड्या यीस्टची पाकिटं परदेशातून येतात आणि महाग पडतात, म्हणून एका बॅचच्या तळाशी बसलेलं यीस्ट काढून पुढच्या बॅचला घालायचं, असं आठ-दहा पिढ्या चालवतात. त्यामुळे गावात कुणा ना कुणाकडे जास्तीचं यीस्ट असतंच, जे नाहीतर गटारात जाणार असतं. आणि कुणाच्या तरी टाकीत उद्या वर्ट, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) शिजवून काढलेलं गोड पाणी, पडणार असतं, नि फ्रिजमधलं यीस्ट थकलेलं निघतं. मग शेजारी विरजण मागायला जावं तसा फोन जातो. "गव्हाच्या बिअरचं आहे का रे? कितवी पिढी?" समोरचा म्हणतो, "चौथी. डबा घेऊन ये, माझ्याकडे एकही रिकामा नाही." पैशाचं नाव निघत नाही. पुढच्या महिन्यात फोनची दिशा उलटी असते.

हे यीस्ट शहरातून न्यायचं म्हणजे एक कसरतच. स्टीलचा कॅन जंतुनाशकाने धुऊन घ्यायचा, तो बर्फाच्या पेटीत ठेवायचा आणि झाकण सैल ठेवायचं. थंडीतही यीस्ट थोडं थोडं काम करत राहतं, कार्बन डायऑक्साइड सोडत राहतं. एका नव्या पोऱ्याने सांडू नये म्हणून झाकण करकचून आवळलं होतं. येरवड्याच्या सिग्नलला गाडीच्या डिकीतून जो आवाज आला, त्याने शेजारचा रिक्षावाला उतरून पळाला. पोहोचल्यावर ते यीस्ट थेट टाकीत जात नाही. आधी वास घेतात. ब्रेडसारखा, किंचित फळांचा आला तर ठीक, रबरासारखा किंवा मटणाच्या रश्शासारखा आला तर परत. मग एका थेंबात मिथिलिन ब्लू घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत तशाच पांढऱ्या राहतात. शंभरात पाचाच्या आत निळ्या असल्या तर निर्धास्त, दहाच्या वर गेल्या तर विचार करायचा. ज्याने दिलं त्याला तो आकडा कळवायचा, हा शिष्टाचार. त्याच्याही टाकीत तेच यीस्ट आहे ना.

दुसरं कारण नाकाचं आहे, आणि माझ्या मते ते यीस्टपेक्षा मोठं आहे. रोज स्वतःचीच बिअर चाखणाऱ्याला तिच्यातला दोष हळूहळू जाणवेनासा होतो. डायअॅसिटिल नावाचं एक द्रव्य आंबताना तयार होतं, त्याला लोण्याचा, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास असतो. यीस्टला पुरेसे दिवस दिले तर ते हा वास स्वतःच गिळून टाकतं. घाईने टाकी थंड केली तर वास बिअरमध्ये राहतो. काही माणसांना तो जन्मजातच कमी येतो, आणि असा माणूस ब्रुअर असला तर त्याला ते कळणार कसं? गिऱ्हाईक तोंडावर सांगत नाही. ते अर्धा ग्लास ठेवून दुसरं काहीतरी मागवतं.

म्हणून आम्ही एकमेकांना नाक उसनं देतो. सकाळी अकराच्या सुमाराला, खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या असताना, दोन-तीन ब्रुअर एका बारच्या काउंटरला जमलेले दिसतील. समोर टाकीतून काढलेल्या एकाच बिअरचे दोन झाकलेले ग्लास. एक तसाच ठेवलेला, दुसरा साधारण ६० अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवून परत गार केलेला. झाकण उचलायचं, हुंगायचं, कुणी काही बोलायचं नाही. आधी कागदावर लिहायचं, मग एकदम उघड करायचं, नाहीतर पहिला जे बोलेल तेच सगळ्यांना येऊ लागतं. गरम केलेल्यात लोणी आलं आणि साध्यात नाही, तर त्या वासाचा कच्चा माल अजून बिअरमध्ये शिल्लक आहे. टाकी अजून दोन दिवस थंड करू नका. दोन्हींत आलं तर यीस्टचंच काम अर्धवट राहिलंय, किंवा साफसफाईत कुठेतरी पाणी मुरतंय. असला निर्णय मालकाच्या दबावाखाली एकट्याने घेणं अवघड असतं, कारण मालकाला शनिवारी ती टाकी विकायची असते. तिघांनी एकमुखाने "नको" म्हटलं की मालकाशी बोलायला बळ येतं.

यात स्वार्थ आहेच. आमची स्पर्धा खरं तर एकमेकांशी कमी आणि मोठ्या कंपन्यांच्या बाटलीतल्या लागरशी जास्त आहे. आयुष्यातली पहिली क्राफ्ट बिअर ज्याला शेजारच्याकडे वाईट मिळाली, तो माझ्याकडे येत नाही. तो "असली बिअर आपल्याला नाही जमत" म्हणून कायमचा जातो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, बाहेरच्यांच्या लक्षात न येणारी. अमेरिकेत १९७८ मध्ये कायदा बदलून घरी बिअर बनवायला केंद्राची मोकळीक मिळाली, आणि तिथले कितीतरी ब्रुअर स्वयंपाकघरातूनच वर आले. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा, तेव्हा ती शिडीच नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली, बेंगळुरूच्या इंदिरानगरात २०१० मध्ये टॉइट, बेंगळुरूतच २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या आर्बर ब्रुअरीची शाखा. त्या काळात ज्यांना हे काम शिकायचं होतं, त्यांना दुसऱ्याच्या ब्रुअरीत गमबूट घालून उभं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जर्मनीला जाऊन पदवी घेणारे थोडे. बाकीचे टाक्या धुता धुता शिकले. त्यामुळे आज वेगवेगळ्या ठिकाणी मुख्य ब्रुअर असलेली मंडळी कधीतरी एकाच ड्रेनमध्ये झाडू मारत होती. ती ओळख पुसली जात नाही.

ही रीत तशी अमेरिकेतून क्राफ्ट बिअरबरोबरच आली. जॅक मॅकऑलिफ यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमाजवळ जुनी भांडीकुंडी जोडून न्यू अल्बियन ही छोटी ब्रुअरी काढली. ती १९८२ मध्ये बंद पडली. पण ती चालू असताना केन ग्रॉसमन तिथे जाऊन बघून आले होते, आणि त्यांनी डेअरीची जुनी यंत्रं गोळा करून १९८० मध्ये चिको गावात सिएरा नेवाडा उभी केली, जी आज अमेरिकेतल्या मोठ्या क्राफ्ट ब्रुअरीजपैकी आहे. म्हणजे ब्रुअरी बघायला जाणं हा रिकामटेकडा उद्योग नाही, तुमच्या बायकोला हे सांगून बघा. पुढे २०१३ मध्ये बॉस्टन बिअर कंपनीने न्यू अल्बियन एल पुन्हा बनवली आणि नफा मॅकऑलिफ यांना दिला. याच कंपनीने २००८ मध्ये, बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्स या फुलांची टंचाई होऊन छोट्यांचे हाल चालले होते तेव्हा, आपल्या गोदामातले २०,००० पौंड, म्हणजे सुमारे ९ टन हॉप्स खरेदीच्याच भावात त्यांना द्यायचं ठरवलं. मागणी इतकी आली की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. २०१८ च्या नोव्हेंबरात वणव्यात चिकोजवळचं पॅरडाइस हे गाव जवळजवळ राख झालं, तेव्हा सिएरा नेवाडाने एका आयपीएची (हॉप्स भरपूर घातलेल्या कडवट बिअरची) पूर्ण कृती सगळ्यांना खुली केली. १,४०० हून जास्त ब्रुअरीजनी ती बनवली आणि विक्रीचे पैसे मदतीला दिले. कृती देऊन टाकण्यात कुणाला काही वाटलं नाही, आणि त्यात नवल नाही. कृतीने बिअर होत नाही. माझी कृती तुम्हाला आत्ता लिहून देतो. तुमचं पाणी, तुमच्या टाकीचा आकार, तुमच्या पोऱ्याचा आळस हे सगळं मिसळून निघेल ती तुमची बिअर.

या सगळ्याहून जुनं उदाहरण बव्हेरियात आहे, चेक सीमेजवळच्या ओबरफाल्त्स भागात. तिथल्या नॉयहाउस, विंडिशएशेनबाख अशा गावांत पंधराव्या शतकापासून गावाची मिळून एक भट्टी आहे. बिअर बनवायचा हक्क घराला जोडलेला असतो. ज्याची पाळी तो लाकडाच्या जाळावर वर्ट शिजवतो, गावाला भांड्याचं भाडं देतो, वर्ट टाकीतून घरी नेऊन आपल्या तळघरात आंबवतो आणि तयार झाली की दाराशी सहा टोकांची चांदणी टांगतो. चांदणी दिसली की त्या घरात बसायला जायचं. या बिअरला झोइगल म्हणतात. घरं पाळीपाळीने उघडतात, वर्षाचं वेळापत्रक आधीच ठरलेलं असतं. भट्टी एक, वर्ट जवळपास सारखंच, आणि तरी प्रत्येक घरची बिअर वेगळी लागते. युरोपला गेलात तर म्युनिकचा तो मोठा जत्रेचा तंबू सोडा आणि इकडे जा.

आता दुसरी बाजू. सगळं गोडगोड नाही. बारमधल्या नळांवरून भांडणं होतात. एखाद्या पबात सहा नळ असतील तर सातवा आला की कुणाचा तरी उतरतो, तिथे दोस्ती बाजूला राहते. तयार झालेला सहायक जास्त पगारावर पळवला की सहा महिने बोलणं बंद. आणि पुरवठादाराने कुणाला किती सूट दिली, हे सख्ख्या मित्रालाही कुणी सांगत नाही. यीस्ट मागा, नाक मागा, रात्री दोन वाजता टाक्या थंड ठेवणारा ग्लायकॉल चिलर बंद पडला तर पंप मागा. माल्टचा भाव मात्र विचारू नका.

२०२० च्या टाळेबंदीत ही हद्दही थोडी पुसली गेली होती. मार्चच्या अखेरीस दारं बंद झाली तेव्हा टाक्या भरलेल्या होत्या. ताजी, न गाळलेली बिअर महिनोन्‌महिने टिकत नाही, तेव्हा बरीच ओतून द्यावी लागली. नंतर ग्राउलरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या मोठ्या बाटलीत, भरून घरी न्यायची परवानगी मिळाली, आणि मग काचेच्या बाटल्या कुठे मिळतात, झाकणं कुणाची गळत नाहीत, हे रोज एकमेकांना विचारत आम्ही तो काळ काढला.

तर आता तुमच्या सहलीकडे. शनिवारी संध्याकाळी गेलात तर तुम्हाला बार दिसेल, ब्रुअरी दिसणार नाही. काचेपलीकडे चकचकीत टाक्या असतात, पण त्या वेळी तिथे कुणीच नसतं. मंगळवार ते गुरुवार सकाळी जा. दोन-तीन दिवस आधी फोन करा आणि व्यवस्थापकाला "ब्रुअरशी बोलायचं आहे" असं स्पष्ट सांगा. कोण, कुठून, का, हे दोन वाक्यांत सांगा. बहुतेक जण हो म्हणतात. जे नाही म्हणतात त्यांच्याकडे त्या दिवशी एक्साइजची तपासणी तरी असते नाहीतर टाकी गळत असते, मनाला लावून घेऊ नका.

साडेनऊ-दहाला पोहोचलात तर मॅश चालू असेल. दळलेलं माल्ट ६५-६७ अंशांच्या पाण्यात तासभर मुरत असतं, त्याचा वास नाचणीच्या सत्त्वाच्या आसपास जातो. तेव्हा ब्रुअरला बोलायला वेळ असतो. उकळी फुटायची वेळ आली, किंवा मॅशच्या भांड्यातून चोथा उपसायला घेतला, की बाजूला उभे राहा. १००० लिटरच्या बॅचला २०० किलोच्या आसपास माल्ट लागतं, तो चोथा वाफाळता आणि ओला असतो, आणि बाहेर गोठ्याचा टेम्पो उभा असतो. त्या अर्ध्या तासात कुणाला प्रश्न विचारू नये. हाताशी दुसरं फावडं पडलं असेल आणि तुम्हाला उचलावंसं वाटलं, तर विचारून उचला. त्यानंतर तुम्हाला जे बघायला मिळेल ते पाहुण्याला मिळत नाही.

बंद बूट घाला, चप्पल नको. जमिनीवर गरम पाणी आणि कॉस्टिक असतं. अत्तर लावून जाऊ नका, तिथे सगळं कामच नाकावर चालतं. कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावू नका आणि आंबवायच्या उघड्या टाकीवर वाकून हुंगायला जाऊ नका. वर कार्बन डायऑक्साइडचा थर असतो, एका श्वासात डोकं सुन्न होतं. टाकीतून थेट नमुना मागू नका. द्यायचा असेल तर ब्रुअर स्वतःच ग्लास घेतो, आणि नसेल द्यायचा तर त्यामागे बहुधा नियम असतो.

"तुमची सगळ्यात भारी बिअर कुठली?" हा प्रश्न टाळा, त्याचं पाठ उत्तर मिळतं. "आज टाकीत काय आहे, कितव्या दिवशी?" असं विचारा. "पाणी कुठलं वापरता?" हा तर हमखास चालणारा प्रश्न. आरओ करून त्यात जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड घालणारे असतात. टँकरवर अवलंबून असलेले बेंगळुरूवाले यावर तासभर बोलतील. "मागे एखादी बॅच ओतून दिलीत का?" असं विचारलंत आणि समोरचा हसून सांगू लागला, तर तुम्ही चांगल्या ठिकाणी आला आहात. "आमच्याकडे असं होत नाही" म्हणणाऱ्याकडे एकच ग्लास घ्या. तो बोलतोय तोवर खाली बघा: पाइप टांगलेले आहेत की जमिनीवर लोळताहेत, ड्रेनला आंबूस वास येतोय का. टाक्यांच्या खोलीत ब्रेडचा किंवा फळांचा वास यावा. व्हिनेगरचा आला तर, मुद्दाम आंबट बिअर बनवत नसतील तोवर, काहीतरी चुकलंय.

पुण्यात मुंढव्याची इंडिपेंडन्स आणि ग्रेट स्टेट या दोन वेगळ्या स्वभावाच्या जागा. वेळ असला तर मूनशाइनवाल्यांची मधाची मीडही चाखा, बिअर नसली तरी मंडळी आमच्यातलीच. बेंगळुरूत टॉइट चुकवू नका, व्हाइटफील्डची विंडमिल्सही. निघण्याआधी चालू आहे का हे प्रत्येक ठिकाणी विचारा, या धंद्यात जागा बदलतात. एका ठिकाणी १०० मिलीचे चार नमुने पुरे, फिकटाकडून गडदाकडे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आहे. गाडी त्या दिवशी कुणी चालवायची हे हॉटेलातून निघतानाच ठरवा.

कोल्हापूरहून येताय तर रिकाम्या हाताने येऊ नका. गूळ आणा. पेढ्यांपेक्षा ब्रुअरला त्याचा जास्त आनंद होईल. पण पिवळाधमक नको. तो हायड्रोस घालून उजळवलेला असतो, आणि गंधकाचा तो अंश यीस्टलाही सोसत नाही नि नाकालाही. गुऱ्हाळावरून काळपट, काहीही न घातलेला घ्या. उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत तो घातला की साखर जवळपास सगळी आंबून जाते, बिअर हलकी होते आणि मागे फक्त काकवीचा वास राहतो. पाच किलोची ढेप घेऊन आलात तर पहिला ब्रुअर दुसऱ्याला फोन करून तुमच्याबद्दल सांगेल आणि बेंगळुरूपर्यंत तुमची सोय होऊन जाईल.

गोवा शेवटी ठेवलंत ते बरं केलंत. तिथला कल पबपेक्षा कॅन आणि बाटल्यांकडे जास्त. गोवा ब्रुइंगची एट फिंगर एडी ही आयपीए नक्की घ्या, कडू आहे हे आधीच सांगतो. तिथले कॅन स्वस्त आहेत म्हणून डिकी भरून आणायचा मोह होईल. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही, आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर एक्साइजवाले गाड्या उघडून बघतात. तेव्हा जे प्यायचं ते तिथेच, आणि परतीच्या दिवशी नाही.